परवडणारा फ्रेटलेस बेस निवडताना: पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

साध्या बेस गिटारमध्ये तार आणि लाकूड यांच्यामध्ये धातूची आडवी पट्टी, म्हणजे फ्रेट, असते. नेक (दांडा) थोडा वाकलेला असेल, नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) जरा उंच असेल, फिंगरबोर्डाचं (नेकवरच्या, बोटांखालच्या फळीचं) लाकूड मऊ असेल, तरी ती फ्रेट बरंच सांभाळून घेते. फ्रेटलेसमध्ये तार थेट लाकडावर दाबली जाते, त्यामुळे झाकायला काही उरत नाही. बारा-पंधरा हजारांचा साधा बेस बऱ्यापैकी वाजतो, पण त्याच किमतीचा फ्रेटलेस हातात घेतला की मेल्यासारखा आवाज येतो, याचं कारण हेच. पिकअप बदलून किंवा महागडा ॲम्प घेऊन त्यात फरक पडत नाही. खर्च नेक, फिंगरबोर्ड, नट आणि तारा यांवर झाला पाहिजे. बॉडीचं लाकूड, रंग आणि हेडस्टॉकवरचं नाव नंतर बघता येतं.

पुढचा सगळा हिशेब १५ ते ३५ हजार रुपयांचं बजेट धरून आहे. त्यातले चार-पाच हजार तारा आणि सेटअपसाठी (बेस वाजवण्याजोगा जुळवून घेण्यासाठी) आधीच बाजूला काढा. २० हजार हातात असताना २० हजारांचाच बेस घेतला, तर तो कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि कारखान्यातून आलेला स्वस्त फ्रेटलेस क्वचितच वाजवण्याजोगा असतो.

नवा, वापरलेला की साध्याचा बदललेला

कारखान्यातून फ्रेटलेस म्हणून आलेला पहिला बेस ॲम्पेगचा, १९६६ सालचा. फेंडरने फ्रेटलेस प्रिसिजन १९७० मध्ये आणला. म्हणजे हे वाद्य नवं नाही, पण खप कमी असल्यामुळे आपल्याकडच्या दुकानांत ते भिंतीवर टांगलेलं सहसा दिसत नाही. पणजी-मडगावच्या दुकानांत विचारलंत तर बहुधा ‘मागवून देऊ’ हेच उत्तर मिळेल. मुंबईत धोबी तलावला गेलात तरी हाताळून बघायला दोन-चार नग मिळाले तर नशीब. स्क्वायरचा क्लासिक व्हाइब मालिकेतला फ्रेटलेस जॅझ बेस आणि सायरचा व्ही-७ फ्रेटलेस हे चांगले नवे पर्याय आहेत, पण ते सहसा आपल्या बजेटच्या वर जातात. न बघता मागवायचा असेल, तर परत घेण्याची अट लेखी घ्या. फ्रेटलेसचा नेक पिळलेला निघाला तर दुरुस्तीचा खर्च बेसच्या किमतीच्या आसपास जातो.

गोव्यात वापरलेल्या वाद्यांचा बाजार हंगामाबरोबर चालतो. ऑक्टोबर ते मार्च बागा, हणजूण, मोरजी पट्ट्यात वाजवणारे लोक मार्चच्या अखेरीपासून निघायला लागतात, आणि ज्यांना सामान परत न्यायचं नसतं ते विकतात. हंगाम सुरू होताना तोच बेस महाग मिळतो. घासाघीस एप्रिल-मे महिन्यांत करावी. फक्त किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये दोन-तीन हंगाम काढलेला बेस असेल, तर ब्रिजचे (बॉडीवर तारा अडकवलेल्या भागाचे) स्क्रू आधी बघा. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यांचे) बारीक ॲलन स्क्रू गंजून बसले असतील तर ॲक्शन (तारेची लाकडापासूनची उंची) खालीवर करताच येणार नाही, म्हणजे नवा ब्रिज आलाच.

तिसरा मार्ग साधा बेस घेऊन त्याच्या फ्रेट काढण्याचा. या बजेटमध्ये बहुतेकांना आम्ही हाच सुचवतो, पण एका दुरुस्तीसह. नेक बोल्टने जोडलेला असेल, तर मूळ नेक तसाच ठेवून वेगळा फ्रेटलेस नेक लावता येतो. फेंडर मापाच्या नेकची टाच (बॉडीच्या खाचेत बसणारं टोक) ६३.५ मिलिमीटर रुंद असते. स्वस्त नकलांमध्ये खाच एखाद-दोन मिलिमीटर कमी-जास्त असते, तेव्हा नेक मागवण्याआधी कॅलिपरने मोजा. घट्ट बसला तर घासून बसवता येतो, सैल बसला तर सूर टिकत नाही. नेक बदलण्याचा फायदा असा, की फ्रेटलेस जमलं नाही तर चार स्क्रू काढून बेस पुन्हा पूर्ववत होतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात किंवा तियात्रासाठी (गोव्यातल्या कोंकणी नाटकासाठी) वाजवणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. रात्रभर दुसऱ्यांची गाणी वाजवायची असताना कुणी फ्रेटलेसच्या भरवशावर राहत नाही.

फिंगरबोर्ड कशाचा आहे

फ्रेटलेसमध्ये लाकडाची जात हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, ती बोर्ड किती टिकेल हे ठरवते. गोल गुंडाळीच्या तारा कानशीसारखं काम करतात आणि मऊ लाकडात पहिल्या पाच स्थानांपाशी (साध्या बेसवर जिथे फ्रेट असते त्या जागांपाशी) चर पाडतात. आबनूस सर्वांत कठीण, शिसवी त्याखालोखाल. डॅल्बर्जिया जातीच्या सगळ्या शिसवी लाकडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण तोवर अनेक कंपन्या इंडियन लॉरेलकडे वळल्या होत्या. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, गोव्यात ज्याला माट्टी म्हणतात आणि जो इथला राज्यवृक्ष आहे. कठीणपणात तो शिसवीच्या जवळपास जातो. दिसायला फिकट आणि रेषाळ असतो म्हणून लोक त्याला हलका समजतात, पण फ्रेटलेससाठी तो चालतो. जटोबा आणि पाऊ फेरोही चालतात.

मेपलचा फिंगरबोर्ड असलेला बेस फ्रेट काढण्यासाठी घेऊ नका. मेपल तुलनेने मऊ, आणि त्यावर लॅकर असतं. फ्रेट काढताना लॅकरचे कपचे उडतात आणि मग पूर्ण बोर्ड खरवडून पुन्हा पॉलिश करावा लागतो.

काही बेसवर इबोनॉल किंवा तत्सम कृत्रिम बोर्ड असतो. जुन्या स्क्वायर व्हिंटेज मॉडिफाइड फ्रेटलेस जॅझवर तो होता. असा वापरलेला नग गोव्यात मिळाला तर सोडू नका. हा बोर्ड पावसाळ्यात फुगत नाही, तारांनी लवकर झिजत नाही आणि त्यावर आवाज स्वच्छ येतो. काहींना तो जरा कोरडा वाटतो. आम्हाला ती तक्रार फारशी पटत नाही.

रेषा असाव्यात की नसाव्यात

नवशिक्याने रेषांचा बेस घ्यावा. यात कमीपणा काही नाही. रेषा म्हणजे जिथे फ्रेट असायची तिथे भरलेली लाकडी पट्टी, आणि फ्रेटलेसमध्ये बोट बरोबर रेषेवर येतं, साध्या बेससारखं तिच्या मागे नाही. ३४ इंची स्केलवर पाचव्या स्थानाजवळ एका अर्धस्वराची रुंदी साधारण ३६ मिलिमीटर भरते. बोट ५ मिलिमीटर सरकलं तर सूर सुमारे १४ सेंटने (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरतो किंवा चढतो, आणि तेवढा फरक समोरच्या रांगेतल्या माणसालाही कळतो.

रेषा नसलेल्या बेसवर कडेचे ठिपके कुठे आहेत हे घेण्याआधी तपासा. काही कंपन्या ठिपके स्वराच्या जागेवर देतात, काही साध्या बेससारखे दोन स्थानांच्या मध्ये. टेप लावून नटपासून मोजा. ३४ इंची म्हणजे ८६४ मिलिमीटर स्केलवर पहिलं स्थान ४८.५, तिसरं १३७.५, पाचवं २१६.७, सातवं २८७.३ आणि बारावं ४३२ मिलिमीटरवर येतं. घरगुती पद्धतीने फ्रेट काढून, रेषा पुसून, ठिपके जुनेच ठेवलेले बेस बाजारात पुष्कळ फिरतात. त्यांवर ठिपका बघून बोट ठेवणारा कायम बेसूर राहतो आणि आपल्या कानाला दोष देत बसतो.

बघायला जाताना

सोबत काय न्यायचं: मिलिमीटरची स्टीलपट्टी, टेप, ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, फोनवर ट्यूनर, साध्या ए-फोर कागदाचे चार-पाच तुकडे आणि एक केबल. ८० जीएसएमचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे फटी मोजायला फीलर गेज नसला तरी भागतं.

बेस आधी पूर्ण सुरात लावा, सर्वांत जाड तारेपासून सर्वांत बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी. सैल तारांवर नेक तपासण्यात अर्थ नाही. मग बॉडीच्या बाजूने डोळा लावून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर तो साधा वाक आहे, ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, वाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या सळीने) निघेल. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली असेल तर नेक पिळलेला आहे. तिथेच थांबा, किंमत कितीही उतरली तरी.

आता एका हाताने तार नटजवळ दाबा, दुसऱ्या हाताने नेकच्या टोकाशी, आणि मध्यावर तार व लाकूड यांच्यातली फट बघा. एक ते अडीच कागद जाईल एवढी, म्हणजे ०.१ ते ०.२५ मिलिमीटर, फट असेल तर उत्तम. फट शून्य असेल तर नेक मागे गेला आहे. पाच कागद सहज जात असतील तर रॉड कसावा लागेल. विकणाऱ्याची परवानगी घेऊन रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव वळसा फिरवून बघा, मग परत आणा. जो नट फिरतच नाही किंवा फिरवूनही नेकवर काही परिणाम होत नाही, तो बेस गोव्याच्या हवेत घेऊ नये. इथे मे आणि जुलै यांच्या हवेतल्या ओलाव्यात एवढा फरक असतो की रॉडला वर्षातून दोनदा तरी हात लावावा लागतोच.

मग फिंगरबोर्ड. बॅटरीचा प्रकाश आडवा पाडा. तारांखाली चर दिसतील ते नखाने चाचपा. नख अडकत नसेल तर बोर्ड एकदा घासून सरळ करता येतो. नख अडकत असेल तर किमतीतून दोन-तीन हजार कमी करून मागा, कारण ते काम कुणीतरी करणारच आहे. भरलेल्या रेषा वर उचललेल्या किंवा खाली बसलेल्या नाहीत ना तेही याच प्रकाशात दिसतं. उचललेल्या रेषेवर तार आदळते आणि त्याच एका स्वरावर खरखर येते.

नटची उंची हा स्वस्त फ्रेटलेसमधला सर्वांत नेहमीचा दोष, आणि सर्वांत स्वस्तात निघणाराही. नटपाशी तार लाकडापासून दोन-तीन कागद वर, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर, एवढीच असावी. बहुतेक स्वस्त नगांवर ती एक मिलिमीटर असते. त्यामुळे पहिल्या तीन स्थानांवर तार दाबताना ताणली जाते, सूर चढतो आणि बोटं दुखतात. फ्रेटलेस अवघड आहे अशी जी समजूत आहे, तिचा अर्धा भाग उंच नटमुळे तयार झालेला असतो.

शेवटी सूर. बाराव्या स्थानावर आधी नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग बोट बरोबर रेषेवर दाबून स्वर वाजवा. दोन्ही ट्यूनरवर सारखे यायला हवेत. फरक असेल तर सॅडल मागे-पुढे करून निघतो, मात्र सॅडलला अजून जागा शिल्लक आहे ना ते बघा. चारही तारांवर प्रत्येक अर्धस्वर नटपासून टोकापर्यंत हळूहळू वाजवा. एखादा स्वर लगेच मरतो का, कुठे तार खडखडते का, हे एका फेरीत कळतं.

इलेक्ट्रॉनिक्सला पाच मिनिटं पुरेत. नॉब फिरवताना करकर झाली तर काँटॅक्ट क्लीनरने जाते. जॅक सैल असेल तर किरकोळ काम. जॅझ पद्धतीच्या दोन पिकअपच्या बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर गुणगुण कमी व्हायला हवी. एकच पिकअप उघडल्यावर ती असणारच. ब्रिजकडचा पिकअप फ्रेटलेसला फार शोभतो, म्हणून एक पिकअपवाल्या प्रिसिजनपेक्षा जॅझ पद्धतीचा बेस घ्यावा असं आमचं मत. ॲक्टिव्ह सर्किट असेल तर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या खोक्यात हिरवा थर आहे का बघा.

फ्रेट काढायच्या असतील तर

हे काम घरी होतं, पण पावसाळ्यात करू नका. पातळ सुपरग्लू दमट हवेत लगेच पांढरा पडतो, इपॉक्सीवर चिकट मेणचट थर येतो आणि लाकूड तर फुगलेलंच असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ.

साधा बेस निवडतानाच सॅडलला खाली किती जागा आहे ते मोजा. यात बरेच जण फसतात, म्हणून आकडे मांडतो. फ्रेटची उंची साधारण १.१ मिलिमीटर असते. फ्रेटच्या माथ्यापासून बाराव्या स्थानावर तार २.५ मिलिमीटर वर असेल, तर फ्रेट गेल्यावर तीच तार लाकडापासून ३.६ मिलिमीटर वर राहते. आपल्याला ती १.८ वर आणायची आहे. नट एक मिलिमीटर उतरवला तर बाराव्या स्थानावर त्याचा परिणाम निम्मा होतो. उरलेलं सगळं सॅडलला करावं लागतं, आणि ते भरतं २.६ मिलिमीटर. सॅडल आधीच तळाला टेकलं असेल, तर नेकच्या खाचेत ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची लाकडी पाचर घालावी लागते. तेवढ्या पाचरीने ब्रिजपाशी सुमारे दोन मिलिमीटरचा फरक पडतो. पुठ्ठ्याची घडी घालू नका, पावसाळ्यात ती दबते.

सामान: ४०-६० वॉटचा सोल्डरिंग आयर्न, टोक सपाट घासलेला एंड निपर, मास्किंग टेप, पातळ सुपरग्लू, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं विनिअर, बोर्डाच्या गोलाईचा सँडिंग ब्लॉक आणि १८० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर. फ्रेटच्या खाचा साधारण ०.६ मिलिमीटर रुंद असतात, तेव्हा विनिअर घेताना कॅलिपर न्या. म्हापसा-मडगावच्या प्लायवूडच्या दुकानांत विनिअरचे नमुन्याचे तुकडे मागितले तर मिळून जातात. फिकट रंगाचं घ्या, रेषा उठून दिसतात. गोलाई (बोर्डाच्या आडव्या वक्राची त्रिज्या) नव्या स्क्वायरवर ९.५ इंच असते, इतर अनेक बेसवर १२ इंच. अंदाजाने ब्लॉक घेऊ नका, गेज लावून बघा.

तारा काढा, ट्रस रॉड इतका सैल करा की बोर्ड स्टीलपट्टीवर सरळ बसेल. पिकअप आणि बॉडी प्लास्टिकने झाका, लोखंडी कण चुंबकाला चिकटले की निघत नाहीत. प्रत्येक फ्रेटवर आयर्न २०-३० सेकंद फिरवा. उष्णतेने जुना गोंद मऊ होतो आणि लाकडातलं तेल थोडं वर येतं, त्यामुळे कपचे कमी उडतात. मग निपर एका कडेने फ्रेटखाली घुसवून नुसता दाबत पुढे सरका. वर ओढायचं नाही. ओढलं की लाकडाचा तुकडा सोबत येतो. आलाच, तर फेकू नका. तिथल्या तिथे सुपरग्लूने बसवा.

सगळ्या फ्रेट निघाल्यावर नेक लवचिक होतो, कारण फ्रेटचे पाय लाकडाला आतून ताठ धरून असतात. म्हणून खाचा घट्ट भरणं फक्त दिसण्यासाठी नाही. विनिअरच्या चार मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, खाच जुन्या ब्लेडने साफ करा, पट्टी तळापर्यंत दाबा आणि कडेने पातळ सुपरग्लू सोडा. पाण्याचा गोंद वापरला तर वीस खाचांमधलं पाणी एकदम लाकडात जातं आणि नेक मागे वाकतो. २४ तास थांबा, पट्ट्या धारदार पटाशीने बोर्डाला समतल कापा, मग ब्लॉकने १८० पासून सुरुवात करून लांबीच्या दिशेनेच घासा. शिसवी आणि तत्सम लाकडांच्या भुशाने अंगावर पुरळ उठतं, मास्क लावा आणि बाहीचा शर्ट घाला. पेन्सिलीने बोर्डावर आडव्यातिडव्या खुणा करा. १८० ने सगळ्या खुणा गेल्या की बोर्ड सपाट झाला. त्यापुढे २४०, ३२०, ४००, ६००, शेवटी १००० चा हात फक्त गुळगुळीतपणासाठी.

नट शेवटी, नव्या तारा लावून. एक खाच कापायची, तार सुरात लावायची, कागद सरकवून बघायचं, पुन्हा थोडं. घाईत जास्त खोल गेलं तर मोकळी तार लाकडावर आपटते आणि नवा नट करावा लागतो. स्वतः करायची भीती वाटत असेल तर गावातल्या व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे जा. चर्चच्या संगीतशाळांमुळे गोव्यात व्हायोलिनची परंपरा जुनी आहे, आणि नटची उंची हे त्या कारागिराचं नेहमीचं काम. त्याला ट्रस रॉड ठाऊक नसेल, ते तुम्ही बघा.

बोर्डावर कडक थर द्यावा का, हा प्रश्न फ्रेटलेस गाजवणाऱ्या अमेरिकन बेसवादक जेको पास्टोरिअसमुळे प्रत्येकाच्या डोक्यात असतो. त्याने १९६२ च्या जॅझ बेसच्या बोर्डावर बोटींसाठी वापरायचं इपॉक्सी चढवलं होतं. तो थर गोल गुंडाळीच्या तारांपासून लाकूड वाचवतो आणि आवाज धारदार करतो. पण इपॉक्सी गोलाईवरून दोन्ही बाजूंना ओघळतं, पुन्हा पूर्ण सपाट करावं लागतं, आणि स्वस्त नेकवर एवढे कष्ट आम्ही करणार नाही. करायचंच असेल, तर एक लक्षात ठेवा: होड्यांच्या फायबरकामासाठी सर्रास मिळणारं रेझिन बहुधा पॉलिस्टर असतं, त्याला उग्र वास येतो आणि तेलकट लाकडाला ते नीट धरत नाही. दोन भागांचं इपॉक्सी मागा आणि डब्यावरच्या प्रमाणातच नीट मोजून घ्या. नाहीतर साध्या लाकडावर जवस तेलाचा पातळ हात द्या आणि योग्य तारा लावा.

तारा

फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टीने गुंडाळलेल्या तारा. उघड्या लाकडाच्या स्वस्त फ्रेटलेसला हेच आमचं पहिलं उत्तर. महाग आहेत, पण दोन-तीन वर्षं सहज टिकतात, आणि बोर्ड झिजवत नाहीत. डॅडारिओ क्रोम्स किंवा फेंडरच्या ४५-१०० मापाच्या चालतील. फ्लॅटवाउंडचा ताण जास्त असतो, लावल्यावर एक दिवसाने रॉड पुन्हा तपासा. थॉमास्टिक इन्फेल्डचा ताण कमी आणि आवाज सुंदर, पण किंमत बेसच्या किमतीला लाजवते. नायलॉनने गुंडाळलेल्या टेपवाउंड तारा खाऱ्या हवेत गंजत नाहीत, आणि डबल बेसच्या जवळचा आवाज देतात. पण त्या जाड असतात, नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात. एकदा रुंद केलेल्या खाचेत बारीक तार परत नीट बसत नाही, म्हणून आधी ठरवा.

गोल गुंडाळीच्याच हव्या असतील तर निकेलच्या घ्या, स्टेनलेस स्टीलच्या नकोत.

सेटअपचे आकडे

रिलीफ (नेकच्या मध्यावर तार व लाकूड यांच्यातली फट) ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. बाराव्या स्थानावर ई तार २ मिलिमीटर, जी तार १.५. नटपाशी ०.२ ते ०.३. फ्रेटलेसचा तो ‘म्वाऽ’ असा फुलत जाणारा सूर तार बोर्डाच्या अगदी जवळून, किंचित घासत थरथरते तेव्हा येतो. नेक अगदी सपाट केला तर तो फुलण्याआधीच खडखडतो आणि ॲक्शन उंच असेल तर येतच नाही. म्हणून आधी रिलीफ, मग सॅडल, मग नट, आणि सर्वांत शेवटी बाराव्या स्थानाचा सूर, हा क्रम मोडू नका. रॉड एका वेळी पाव वळसाच, आणि त्यानंतर काही तास थांबा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दोन आठवड्यांनी रिलीफ मोजा, ऑक्टोबरात पुन्हा. बेस भिंतीला टांगून ठेवू नका, गोव्यातल्या बाहेरच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. पिशवीत सिलिका जेल ठेवा आणि ते महिन्यातून एकदा वाळवा, नाहीतर ते नुसतं वजन होतं. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कपड्याने खालूनही पुसा. गाडीच्या डिकीत मे महिन्यात बेस ठेवला तर नेक एका दुपारीत हलतो. कुरिअरने मागवलात, तर पाठवणाऱ्याला तारा अर्धा ते एक स्वर उतरवायला सांगा, पूर्ण सैल नको. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या प्लगवर ॲम्प चालवून माइकसमोर गाऊ नका, मंचावर शॉक याच जोडणीतून बसतात.

पहिले काही आठवडे

मेट्रोनोमच्या आधी तानपुरा लावा. फोनवरच्या तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनवर ठेवा आणि बेसची मोकळी डी तार षड्ज धरा. शुद्ध मध्यम पाचव्या स्थानावर, पंचम सातव्यावर, वरचा षड्ज बाराव्यावर. हे तीन स्वर रेषेवर बोट ठेवून जवळपास जुळतात. गंधारापाशी मात्र थांबा. रेषेवरचा गंधार नटपासून १७८ मिलिमीटरवर येतो, आणि तो हार्मोनिअम किंवा कीबोर्डशी जुळतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार १७३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे रेषेच्या पाच मिलिमीटर मागे लागतो. भजनाच्या साथीला समोर हार्मोनिअम असेल तर रेषेवर वाजवा. फक्त तानपुरा आणि गळा असेल तर मागे या. रियाज करताना रोज आधी डोळे मिटून स्वर लावा, मग डोळे उघडून बोट कुठे पडलंय ते बघा. बोट सतत रेषेच्या एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर पडत असेल आणि ट्यूनरही सूर तेवढाच चुकल्याचं दाखवत असेल, तर हाताची ठेवण बदला. कधी पुढे, कधी मागे पडत असेल तर आणखी सावकाश वाजवा. आणि बोट बरोबर रेषेवर असूनही ट्यूनर चुकीचा सूर दाखवत असेल, तर बाराव्या स्थानाचा सूर आणि सॅडल पुन्हा तपासा.